सुटा रकाना

मृण्मयी भिलारे पुण्यात नेमकं काय काम करते, हे भिलारच्या तिच्या चुलतीला, पारूकाकूला, कधी धड समजलं नाही. "अर्ज करती," एवढंच ती शेजारपाजारी सांगायची. त्यावर कुणी विचारलंच, की बाई, तिला नोकरी आहे, मग ती अर्ज कशाला करते, तर काकू म्हणायची, "दुसऱ्यांसाठी करती."

ते तसं खोटं नव्हतं. पडद्यावर भरायचे अर्ज मृण्मयी लावून द्यायची. निवृत्तिवेतनाचा, दवाखान्याचा, शाळाप्रवेशाचा, वीजजोडणीचा. कुठला रकाना कुठल्या रकान्याशेजारी ठेवायचा, किती रकाने झाले की रेघ मारायची, त्या रेघेवर काय मथळा द्यायचा, हे ठरवण्यात तिची सोळा वर्षं गेली होती. असे चारसहा रकाने एका मथळ्याखाली धरून ठेवणारा, बोट लावलं की उघडणारा नि मिटणारा एक सुटा भाग तिनं तयार केला होता. तो कुठल्याही अर्जात नेऊन बसवता यायचा. कंपनीत त्याला नाव द्यायची वेळ आली तेव्हा ती पटकन म्हणाली, "खण." तिचे वडील, नाना, पाचगणीच्या एका निवासी शाळेत चाळीस वर्षं सुतार होते. मुलांच्या कपाटांचे खण बघत ती मोठी झाली होती.

खणामागचं विज्ञान तिला कुणी विचारलं तर ती सोपं उदाहरण द्यायची. आपण स्वयंपाकघरातून उठून माजघरात जातो आणि उंबरा ओलांडल्यावर कळेनासं होतं, की आपण आलो कशाला. यात आपला विसराळूपणा नसतो. मेंदू घडणाऱ्या गोष्टींचे तुकडे पाडून त्या ठेवतो. उंबरा आला की त्याला वाटतं, एक तुकडा संपला. तो मागचा मिटतो आणि पुढचा उघडतो. अर्जातली मथळ्याची रेघ हा तसाच एक लहानसा उंबरा असतो. चुकीच्या जागी आला तर माणूस अडखळतो, अर्ज अर्धा टाकून उठतो.

पहिले खण सगळ्यांना सारखे होते. मग पडद्यांचे कॅमेरे डोळ्यांतल्या बाहुलीचं बारीकसं आकुंचन-प्रसरणही टिपायला लागले. एखादा प्रश्न वाचताना बाहुली किती पसरते, बोट अक्षरावर टेकायच्या आधी किती थबकतं, यावरून माणसाच्या मनात कुठली गोष्ट कुठल्या गोष्टीला चिकटून आहे, हे ओळखता यायला लागलं. मृण्मयीच्या चमूनं खणाला ते शिकवलं. आता रकाने ज्याच्या त्याच्या मनाप्रमाणे सरकायचे. वाईच्या एका विधवा बाईंच्या अर्जात 'पतीचं नाव' हा रकाना 'कुटुंब' सोडून 'वीजजोडणी'च्या खणात जाऊन बसला होता. बिल अजून पतीच्याच नावानं येत होतं आणि बाई ते दर महिन्याला एकदा मोठ्यानं वाचत. असे अर्ज लोक शांतपणे, काही तर हसत हसत पुरे करायचे. खण नवीन मथळा सुचवायचा नाही. तो भरणाऱ्यानं द्यायचा. हा नियम मृण्मयीनंच घातला होता.

पुढचं मात्र तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

पाचगणीत टेबललँडच्या पायथ्याशी स्मृतिविकारांचं एक केंद्र होतं. तिथले डॉक्टर इर्शाद मुजावर विसरायला लागलेल्या माणसांकडून रोज सकाळी ओळखीचा अर्ज भरून घ्यायचे. जन्मगाव, जोडीदार, आवडता आवाज, पहिलं घर, असे बेचाळीस प्रश्न. वर्षभरानं त्यांच्या लक्षात आलं, की ज्यांच्या अर्जात खण आहेत त्यांची आठवण टिकते आहे. सरसकट नाही. जे रकाने खणात आहेत तेवढेच टिकतात. एका खणातल्या गोष्टी एकमेकींना धरून असतात. एक घसरायला लागली की शेजारची तिला ओढून घेते. जो रकाना कुठल्याच खणात बसत नाही, तो अर्जाच्या तळाशी सुटा पडतो, आणि तो सगळ्यांत आधी जातो. खणाला मर्यादाही होती. एका वेळी माणसाच्या मनात मावतात तेवढेच, फार तर सहा.

हे सगळं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तेव्हा मृण्मयी हरखून ऐकत होती. शेवटी ते म्हणाले, "आणखी एक सांगायचंय. आमच्या नव्या यादीत हणमंत भिलारे म्हणून एक नाव आहे. आडनाव बघून विचारतोय."

"माझे वडील आहेत," ती म्हणाली.

* * *

नोव्हेंबरात ती विजेच्या बसनं पसरणी घाट चढून वर आली. कृष्णेचं खोरं खाली धुक्यानं भरलं होतं आणि बस आवाज न करता त्या पांढऱ्यातून वर वर निघाली होती. स्वप्नात जिना चढावा तसं तिला वाटत होतं. याच घाटात बारा वर्षांपूर्वी नाना अडकले होते. आईला, इंदूला, पुण्याच्या दवाखान्यात हलवायचं मृण्मयीनं ठरवलं होतं. नानांचं म्हणणं होतं, घरीच राहू दे. तिनं ऐकलं नाही. दहाव्या दिवशी आईची तब्येत ढासळली, नाना निघाले आणि धुक्यानं घाट बंद झाला. ते पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात ते एवढंच म्हणाले, "नेलीस तिला." त्यानंतर बापलेकीत भांडण असं झालंच नाही. ती दिवाळीला यायची, दोन दिवस राहायची, ते तिला जेवलीस का विचारायचे. बस.

घरी पारूकाकू दारातच उभी होती. "आलीस? बरं झालं. परवा मला इंदू म्हणून हाक मारली त्येंनी. मी ओ दिली. काय करू?"

नाना मागच्या छपरीत बसले होते. रंधा हातात, पण पुढ्यात लाकूड नव्हतं. तिला बघून त्यांनी डोळे बारीक केले. "मृण्मयी व्हय? जेवलीस का?"

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या उन्हाच्या खोलीत नानांनी पहिला अर्ज भरला. मृण्मयी शेजारच्या खोलीत डॉक्टरांबरोबर बसून तो आपल्या पडद्यावर बघत होती. आयुष्यात तिनं हजारो अर्ज असे आकार घेताना पाहिले होते, पण नानांचा हा पहिलाच. रकाने पाण्यावरच्या पानांसारखे हळूहळू सरकायला लागले. पहिलं काम, मित्राचं नाव, आवडतं हत्यार, हातावरची खूण: हे एकत्र आले. मथळा विचारला तेव्हा नानांनी लिहिलं, 'शाळा'. मग जन्मगाव, लहानपणची भीती, गुरं, वारा असं एकत्र आलं. त्याला नाव दिलं 'माळ'. तिसरा खण सावकाश भरला. बायकोचं नाव, लग्न कुठं झालं, पहिलं घर, घराजवळचं पाणी, आवडती भाजी, आवडता आवाज. सहा रकाने. मथळा, 'इंदू'.

'मुलांची नावं' हा रकाना बराच वेळ मध्येच तरंगत राहिला. नानांनी त्यात 'मृण्मयी' असं नीट लिहिलं होतं. तो 'इंदू'पाशी गेला, थबकला, 'शाळे'कडे वळला. मग सावकाश खाली गेला आणि रक्तगट व फोन नंबर यांच्या खाली, तळाशी, एकटा जाऊन थांबला.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "पहिलाच दिवस आहे," ते म्हणाले.

पण पंधरा दिवस झाले तरी तो तिथेच होता.

* * *

रकाना हातानं हलवायची सोय प्रणालीत होती. बनवणाऱ्यांसाठी ठेवलेली, इतरांना न दिसणारी. डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, "मृण्मयीताई, तुम्हाला जमेल हे मला माहीत आहे. पण काय होईल ते मला माहीत नाही. कुणीच करून बघितलेलं नाही."

"सुटा राहिला तर काय होईल, ते तर माहीत आहे ना?"

"तीनचार महिने," ते खाली बघत म्हणाले.

डिसेंबरातल्या एका दुपारी, नाना झोपाळ्यावर डुलकी घेत असताना, तिनं अर्ज उघडला आणि 'मृण्मयी' उचलून 'इंदू'च्या खणात ठेवलं. पडद्यावर सूचना आली. तिनंच कधीतरी लिहिलेली. या खणात सहापेक्षा अधिक रकाने राहणार नाहीत, सर्वांत कमी ओढीचा रकाना बाहेर जाईल. पुढे जायचं? कुठला रकाना, हे बघायला आणखी एकदा बोट लावावं लागलं असतं. तिनं लावलं नाही. तिनं 'हो' म्हटलं.

रोज सकाळी अर्ज भरला जाऊ लागला. आईच्या नावानंतर तिचं नाव, मग पहिलं घर, मग पाणी. आठवडाभर काही नाही. मग एके दिवशी ती चहाची कपबशी ठेवायला वाकली तेव्हा नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या दहावीनंतर ते असं कधी वागले नव्हते.

"माझी मृण्मयी," ते म्हणाले.

ते दिवस फार सुखाचे गेले. दोघं रोज टेबललँडवर चालायला जायची. काळ्या खडकाच्या त्या अफाट सपाटीवर धुकं आलं की दोन हातांपलीकडचं दिसायचं नाही. नाना तिचं मनगट धरून ठेवायचे आणि बोलत राहायचे. बारा वर्षांत बोलले नव्हते तेवढं. ती पुण्याच्या कामाचे फोन टाळायला लागली. कुणी आपल्याकडे इतक्या मायेनं बघतं आहे, याची तिला सवयच नव्हती.

"तुला आठवतंय का गं," एकदा ते म्हणाले, "लगीन झाल्यावर आपल्याला घर न्हवतं. शाळेच्या गवताच्या खोलीत ऱ्हात हुतो. तू पयल्यांदा विहिरीवर गेलीस आन् पोहरा आत सोडून आलीस!"

ते खो खो हसले. मृण्मयीही हसली, आणि मग थांबली. पोहरा आईचा पडला होता. तेव्हा मृण्मयीचा जन्मही झालेला नव्हता.

"ती आई होती, नाना."

"कोण आई?" त्यांनी विचारलं. तिच्या मनगटावरची पकड तशीच ऊबदार होती.

* * *

काय बाहेर गेलं होतं, ते तिला पारूकाकूमुळे कळलं.

इंदू शीळ घालायची. गावातल्या दुसऱ्या कुठल्या बाईनं असं केलं असतं तर बोलणी खाल्ली असती. पण नाना छपरीत करवत चालवायचे, त्या आवाजात हाक ऐकू यायची नाही, म्हणून इंदू स्वयंपाकघराच्या दारातून दोन बोटं तोंडात घालून जेवायला बोलावायची. तिची शीळ खालून वर चढायची आणि शेवटी तुटायची. करवत तेवढ्यापुरती थांबायची. इंदू गेल्यावर पारूकाकूनं कधीमधी गमतीत तशी शीळ घातली, की नाना, कुठेही असोत, मान वळवायचेच. मग काकूकडे बघून खोटं खोटं रागवायचे.

संक्रांतीच्या सकाळी तिळगूळ द्यायला म्हणून काकूनं दारातून शीळ घातली. नाना अंगणात ऊन खात बसले होते. त्यांनी मान वळवली नाही. काकूनं पुन्हा घातली.

"पोरं लई दंगा करायला लागल्यात," नाना मृण्मयीला म्हणाले.

काकूच्या हातातली तिळगुळाची वाटी तशीच राहिली. "न्हाई वळखली," ती हळूच म्हणाली. "माझं नाव इसरले तवा न्हाई काय वाटलं गं मला. पर ही?"

मृण्मयी आत गेली आणि अर्ज उघडला. तळाशी, रक्तगटाखाली, जिथे पूर्वी ती होती तिथे, 'आवडता आवाज' हा रकाना एकटा पडला होता. नानांनी सुरुवातीला त्यात 'इंदूची शीळ' असं लिहिलं होतं. गेले चार दिवस तो कोरा होता.

बाहेरून नानांची मायेची हाक येत होती, मृण्मयी, ए मृण्मयी. त्या हाकेतली सगळी माया कुणाची आहे, हे तिला आता कळलं होतं. आईला एकदा पुण्याला नेलं होतं, ते तिचा जीव वाचावा म्हणून. या वेळी नानांच्या मनातून नेलं, ते कशासाठी?

तिनं आपला रकाना उचलला, खाली नेऊन ठेवला, आणि शीळ परत जागेवर ठेवली. डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. "परत येईल का ती?" तिनं विचारलं.

"येईलही. शेजारचे पाच रकाने तिला ओढतील. वेळ लागेल," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही?"

"मी सुटीच आहे, डॉक्टर."

त्याच आठवड्यात पुण्याहून बोलावणं आलं. कंपनीला ही हातानं हलवायची सोय घरच्या मंडळींना खुली करायची होती. मागणी प्रचंड होती. कोण मुलगा, कोण सून, सगळ्यांना चांगल्या खणात जागा हवी होती. बैठकीत पडद्यासमोर बसून मृण्मयीनं आपल्या वडलांची गोष्ट सांगितली. काही लपवलं नाही. तिचं म्हणणं होतं, सोय नुसती खुली करू नये असं नाही, मुळातूनच काढून टाकावी. आपल्यालाही ठेवू नये. दोन तास वाद झाला. शेवटी काढायचं ठरलं, पण पुढची जबाबदारी दुसऱ्याकडे गेली, आणि मृण्मयीनं लांबची रजा मागितली ती कुणी नाकारली नाही. त्यानंतर कितीतरी दिवस ती सोय मागणाऱ्या अनोळखी घरांतून तिला पत्रं येत होती. एका बाईंनी एकच ओळ लिहिली होती: तुम्ही तुमचा वेळ घेतलात, आमचा काढून घेतलात. ते पत्र तिनं जपून ठेवलं.

* * *

फेब्रुवारी लागला तशी नानांची ओळख पुसट होत गेली. एके सकाळी ती चहा घेऊन गेली तेव्हा ते अदबीनं उठून उभे राहिले. "बसा, बाई. तुमी शाळंतनं आलाय व्हय?"

पहिले दोनतीन दिवस ती सांगायची, नाना, मी मृण्मयी, तुमची मुलगी. मग त्यांचा चेहरा कावराबावरा व्हायचा. परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखे ते खाली बघायचे. पारूकाकूनं तिला बाजूला घेतलं. "कशापायी इचारतीस त्येंला सारखं? तू हाईस न्हवं हितं? मग ऱ्हा की."

मग तिनं सांगायचं सोडलं. ती रोज सकाळी यायची, म्हणजे आतल्या खोलीतून बाहेर यायची, आणि नानांच्या लेखी एक बाई यायची. ती गवती चहा करायची. अर्ज भरायला शेजारी बसायची. मग दोघं चालत शेजारच्या शिवारात स्ट्रॉबेरी खुडायला जायची. नानांच्या हाताला काम लागायचं आणि फळाचं देठ चिमटीत पकडून मोडायची नजाकत त्यांच्या बोटांत अजून शाबूत होती. त्यांनी तिला शिकवलं. "ओढायचं न्हाई बाई, वळवायचं. असं." ती मुद्दाम चुकायची, मग खरंच शिकली. कधी ती एखादी मोडकी पाटी दुरुस्तीला आणून द्यायची. कधी दोघं नुसतीच बसायची आणि समोरच्या दरीतून ढग घराच्या पायरीपर्यंत येऊन परत जायचे.

यातून काही साधायचं, असं तिनं मनात धरलं नव्हतं. एकेक दिवस येत होता.

एप्रिल संपता संपता ओढ्याकाठच्या जांभळात शीळकरी कस्तूर बोलायला लागला. माणसानं घालावी तशी त्या पक्ष्याची शीळ, सूर शोधत भटकणारी. नाना बशीत चहा ओतत होते. त्यांचा हात थांबला. त्यांनी सावकाश मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"इंदू जेवायला बोलावतीया," ते म्हणाले. मग आपणच हसले. "न्हाई. पाखरू हाय त्ये. इंदूची ह्याच्यापरीस भारी हुती."

मृण्मयीनं तोंड फिरवून डोळे पुसले. नाना आज बोलायच्या लहरीत होते. इंदूचं बोलता बोलता ते म्हणाले, "माझी एक लेक हाय, बाई. पुण्याला असती. लई हुशार."

तिनं विचारलं, "येते का भेटायला?"

"यायची. मीच धड बोलायचो न्हाई." बशीतला चहा निवत चालला होता. "तिनं आईला पुण्याला न्हेली. बरोबर केलं हुतं तिनं. हितं ठिवली असती तर चार दिस सुदीक काढले नसते. दहा काढले की तिनं तिथं. पर मला घाटात अडीकल्याचा राग आला, आन् धुक्यावर कसा काढायचा राग? तिच्यावर काढला."

"तिला हे सांगितलं का कधी?"

"ती समोर आली की जीभ उचलायची न्हाई. जेवलीस का, एवढंच यायचं तोंडातनं."

मृण्मयीनं पडद्यावर अर्ज उघडला. मग विचारलं, "नाना, तुमच्या अर्जात बघते मी रोज. इंदूताईंना खण आहे, शाळेला आहे. तुमच्या मुलीचं नाव खाली एकटंच असतं. तिला कुठे का नाही ठेवलं?"

नानांनी पडदा जवळ ओढला आणि सुताराच्या नजरेनं बघितला. डोकं तिरकं करून, एक डोळा मिटून.

"कपाट करताना एक जागा बिनफळीची सोडायची असती, बाई. मी हर कपाटात सोडायचो. मुख्याध्यापक म्हणायचे, भिलारे, हितं फळी ऱ्हायली. मी म्हणायचो, ऱ्हायली न्हाई साहेब, सोडलीया. पोरगं उद्या काय आणून ठेवंल, त्येची उंची आपल्याला काय ठावं? बाकीचं समदं मोजून झालंय माझं. शाळा झाली, माळ झाला, इंदू..." ते थांबले. "पोरीचं मोजमाप मला कवाच घ्यायला आलं न्हाई. ती वाढतच हुती. म्हणून मोकळी ठिवली."

शीळ पुन्हा आली, या वेळी लांबून. नानांनी गार चहा एका घोटात संपवला.

"तुमी पुण्याच्या न्हवं? कुठं गाठ पडली तर सांगा तिला. नाना म्हणत हुता, तुझं बरोबर हुतं."

"सांगते," मृण्मयी म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "सांगते, नाना."

त्यानंतर बारातेरा दिवसांनी 'मुलांची नावं' हा रकाना नानांनी कोरा ठेवला. तिनं तो त्यांना दाखवला नाही, आणि त्यांनी तिच्याकडे मदतीसाठी पाहिलंही नाही. त्यांचं बोट पुढच्या प्रश्नावर गेलं. आणि तरी ती उठून गेली नाही. डॉक्टरांनी सांगितलेली मुदत उलटून महिना झाला होता.

मे महिन्याच्या मध्यावर, असंच अर्ज भरताना, पडद्यावरचे रकाने हलले. डॉक्टरांनी नंतर तो क्षण पुन्हा पुन्हा लावून बघितला, कारण या आजारात नवा खण तयार होताना त्यांनी कधी पाहिला नव्हता. 'सकाळी काय पिता' हा रकाना आधी सरकला. त्याच्यामागून 'हल्ली शिकलेली किंवा शिकवलेली गोष्ट'. त्यात नानांनी 'देठ वळवणे' लिहिलं होतं. मग 'चालायला कुठे जाता'. मग 'घरी कोण येतं', ज्यात रोज ते नुसतं 'बाई' लिहीत. आज त्यांनी वळून विचारलं होतं, "तुमचं नाव काय म्हणालात?" आणि तिनं सांगितल्यावर एकेक अक्षर जुळवत लिहिलं होतं, मृण्मयी. लिहिल्यावर म्हणाले होते, "चांगलं हाय नाव."

चार रकान्यांभोवती बारीक रेघ आली. वर मथळ्याची जागा लुकलुकायला लागली.

"ह्येला नाव पायजे म्हणतंय," नाना म्हणाले.

"तुम्ही द्या."

त्यांनी बाहेर पाहिलं. दरी ढगानं काठोकाठ भरली होती. पारूकाकू अंगणात वाळवण उचलत होती, आणि उन्हाचा एक पट्टा तिच्या पाठीवरून सरकत पायरीवर आला होता. नाना परत पडद्याकडे वळले. मग दोनच अक्षरं लिहिली: 'आता'.

नानांनी चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला आणि दोन्ही गुडघ्यांवर हात टेकून उठले.

"चल," ते म्हणाले. "ऊन हाय तवर शिवारात जाऊन येऊ. शेवटची फळं ऱ्हायलीत."

दाराशी ते थांबले. काही विचारायचं राहून गेल्यासारखे.

"उद्याबी येशील न्हवं?"

"येईन की," ती म्हणाली, आणि पायात चप्पल सरकवून त्यांच्या मागोमाग उन्हात उतरली.